गुणिले दहाचा चौथा घात

एफवायबीएस्सीच्या नव्या वर्गाला मी दरवर्षी पहिल्याच तासाला विचारते, बारावीला मॅथ्स कुणाकुणाचं होतं? भरलेल्या वर्गात मोजके हात वर होतात, तेही कोपरातून दुमडलेले. बाकी सगळे पीसीबी, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, बायो. आपल्याकडे अकरावीलाच गणित सोडता येतं, आणि नीटच्या, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या, मागे लागलेल्या घरांत ते आधी सोडलं जातं, कारण ‘तेवढा वेळ बायोला मिळतो’. नीटचा आकडा लागला नाही की त्यातली बरीच मुलं आमच्याकडे जीवशास्त्राला येतात. ठाण्यातली, कळवा-मुंब्र्यातली, डोंबिवलीची, काही थेट शहापूर-आसनगावहून कसारा लोकल धरून. त्यांची पक्की समजूत असते की गणिताचा आणि आपला संबंध आता कायमचा संपला.

आमचा अभ्यासक्रमही इतकी वर्षं हा समज जपत आला. गणित होतं, पण सगळ्यात शेवटच्या युनिटमध्ये, ‘बायोस्टॅटिस्टिक्स’ नावाने. दहा पानांच्या लांब्या दिलेल्या असायच्या. सरासरी काढा, मध्यक काढा, बहुलक काढा. ती पानं कुठल्या झाडाची, कुणी मोजली, मोजून काय कळलं, याचा पत्ता नाही. मुलं सूत्रात आकडे टाकत, उत्तराखाली दोन रेघा मारत आणि पान उलटत. परीक्षेत हे हमखास मार्कांचं युनिट मानलं जाई. मला त्याची चीड यायची. विषयाचं नाव जीवशास्त्र आणि आकड्यांना जीव नाही.

ही तक्रार काही ठाण्याची खास नाही. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २००३ मध्ये ‘बायो २०१०’ हा अहवाल काढला, त्यातही हेच म्हटलं होतं की जीवशास्त्राच्या पदवीला गणित वेगळं न ठेवता विषयात मुरवलं पाहिजे. तो मी फार पूर्वी वाचून ठेवला होता. प्रत्यक्षात हात घातला तो मात्र परवा-परवा, नव्या शैक्षणिक धोरणाच्या धांदलीत. संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून मेजर, मायनर, ओई (ओपन इलेक्टिव्ह), व्हीएससी (व्होकेशनल स्किल कोर्स) असं सगळं नव्याने मांडायचं होतं. क्रेडिट जुळवता जुळवता विभागात सगळ्यांच्या नाकी नऊ आले होते. त्या गडबडीत मी एवढंच मागून घेतलं की पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकल्स माझ्या पद्धतीने चालवू द्या. युनिटं विद्यापीठाची, ती मी बदलू शकत नव्हते. पण प्रॅक्टिकलला कोणता प्रश्न विचारायचा हे अजून तरी शिक्षकाच्या हातात आहे.

विभागात सगळे खूश होते असं नाही. ‘मॅडम, पोरं गणित नको म्हणूनच इकडे येतात, तुम्ही पळवून लावाल,’ हे मला चहाच्या टेबलावर स्पष्ट ऐकवलं गेलं. बोलणाऱ्याचं अगदीच चुकत होतं असंही नाही. अ‍ॅडमिशन कमी झाल्या की तुकडी जाते, तुकडी गेली की वर्कलोड जातो. ही भीती खरी आहे.

सुरुवात लॉग टेबलपासून झाली. आपल्या बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, म्हणून पीसीबीचं पोरगंसुद्धा फिजिक्स-केमिस्ट्रीसाठी दोन वर्षं ते पिवळट पुस्तक उशाशी घेऊन झोपलेलं असतं. कॅरॅक्टरिस्टिक, मँटिसा, अँटिलॉग सगळं तोंडपाठ. मी फळ्यावर ‘लॉग २’ लिहिलं तर मागच्या बाकावरून उत्तर आलं, ‘पॉइंट थ्री झिरो वन झिरो’. मग विचारलं, पीएच ३ आणि पीएच ५ यांत आम्लतेचा फरक किती? सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, ‘दोन!’

म्हणजे अवजार हातात होतं आणि चालवताही येत होतं, पण ते कशासाठी आहे हे कधी कुणी सांगितलं नव्हतं. पीएच एकाने घसरला तर हायड्रोजन आयन दहापट वाढतात, दोनने घसरला तर शंभरपट. हे सांगून माना डोलतात, पण पुढच्या आठवड्यात उत्तर पुन्हा दोनच येतं. म्हणून सांगणं सोडलं. हायड्रोक्लोरिक आम्लाची दोन पातळ द्रावणं केली, एक पीएच ३ चं, एक ५ चं. सारखी मापं एकत्र ओतली तर पीएच किती होईल, हे आधी कागदावर लिहून घेतलं. जवळजवळ सगळ्यांनी ४ लिहिलं. मीटरने ३.३ दाखवलं. ‘मीटर बिघडलाय,’ असं एकाने जाहीर केलं, म्हणून मीटर बफरवर, म्हणजे पीएच आधीच माहीत असलेल्या द्रावणावर, पुन्हा तपासून घेतला. तरी ३.३ च. मग मात्र त्यांनीच वही ओढली. हजारात एक आणि लाखात एक यांची बेरीज, भागिले दोन, त्याचा लॉग. लॉग टेबल उघडलं गेलं, आणि या वेळी कुणी सांगितलं म्हणून नव्हे.

त्याच पुस्तकावर आम्ही पुढचा तास काढला. इ. कोलाय हा जिवाणू सगळं मनासारखं असेल तर वीस मिनिटांत दुप्पट होतो. एका पेशीपासून सुरुवात केली तर चोवीस तासांत बहात्तर दुपटी. दोनचा बहात्तरावा घात म्हटलं की कॅल्क्युलेटरकडे हात जातो. मी फोन बॅगेत ठेवायला लावले. बहात्तर गुणिले ०.३०१०, म्हणजे २१.६७. अँटिलॉग पाहिला, साधारण ४.७. सत्तेचाळीसवर वीस शून्यं इतक्या पेशी. एका पेशीचं वजन ढोबळमानाने ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग धरलं, तरी सगळा ढीग ४,७०० टनांचा होतो. आणखी एक दिवस जाऊ दिला तर त्याचं वजन पृथ्वीच्या तीन-साडेतीन हजार पटींहून जास्त भरतं. वर्गात हशा पिकला. हसणं ओसरल्यावर पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘मग मॅम, असं होत का नाही?’ मला हाच प्रश्न हवा होता. अन्न संपतं, घाण साचते, जागा पुरत नाही. लोकसंख्यावाढीचं अख्खं युनिट या एका प्रश्नातून निघतं. एरवी मी ते ‘वाढीचे दोन प्रकार, आकृत्या काढा’ असं सुरू करायचे.

इथे मला गणित विभागातल्या सरांची गरज पडली. एकाच मजल्यावर असून आम्ही वर्षानुवर्षं फक्त परीक्षेच्या सुपरव्हिजनच्या यादीत भेटत होतो. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘मॅडम, तुम्हाला नक्की काय हवंय? सूत्र, की सूत्र कुठून आलं ते, की त्याचं काय करायचं ते?’ मला तिसरं हवं होतं, त्यांना दुसरं शिकवायचं होतं. त्यांनी डिफरन्शिअल इक्वेशन लिहिलं, मी ते पुसलं. त्यावर बराच वेळ गेला. शेवटी तडजोड अशी झाली की कलन (कॅल्क्युलस) बाजूला ठेवायचं आणि एकच वाक्य लिहायचं: पुढच्या तासाच्या पेशी म्हणजे आत्ताच्या पेशी अधिक या तासातली वाढ. वाढ किती? वाढीचा दर गुणिले आत्ताची संख्या गुणिले ‘किती जागा शिल्लक आहे’ त्याचा अंश. बेल्जियमच्या व्हेरहुल्स्टने १८३८ मध्ये मांडलेलं लॉजिस्टिक समीकरण ते हेच, फक्त कलनाचा कोट उतरवून.

मुलांनी ते फोनवरच्या शीटमध्ये बांधलं. कमाल मर्यादा १,०००, दर ताशी ०.५, सुरुवात १० पेशींनी. पहिल्या तासात जेमतेम पाचची भर. मग आकडे फुगत जातात, ५०० च्या आसपास एका तासात सव्वाशेची भर पडते आणि तिथून वाढ मंदावते. ‘म्हणजे सगळ्यात जास्त वाढ अर्ध्यावर असते,’ हे एका मुलाने स्तंभ वाचून सांगितलं. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की हे सिद्ध करायला त्यांना फळ्याचा अर्धा भाग लागला असता.

आता शीर्षकातला आकडा. यीस्टच्या पेशी मोजायच्या असतात तेव्हा हीमोसायटोमीटर वापरतो, रक्तपेशी मोजायची तीच जाड काच. तिच्यावर बारीक चौकटी कोरलेल्या असतात. आमच्या लॅबमधले मामा हे या कामातले उस्ताद. कव्हरस्लिप काचेवर अशी बसवतात की कडेला थेंब टेकवताच तो सरसर आत ओढला जातो, एक बुडबुडा नाही. मुलं पेशी मोजतात, सरासरी काढतात आणि जर्नलमध्ये लिहितात: सरासरी गुणिले डायल्यूशन (द्रावण कितीपट पातळ केलं ते) गुणिले दहाचा चौथा घात. जर्नलं पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांवरून उतरवली जातात, त्यामुळे हे वाक्य सगळ्यांचं अगदी सारखं.

मी एका बॅचला म्हटलं, आज पेशी मोजायच्याच नाहीत. दहाचा चौथा घात कुठून आला ते सांगा, तोवर मायक्रोस्कोपचा दिवा लागणार नाही. शांतता. ‘मॅम, तो फॉर्म्युलाच आहे.’ कुणाचा? ‘पुस्तकातला.’ थोड्या वेळाने कुणी तरी काच हातात घेऊन उजेडाकडे धरली. कडेला बारीक अक्षरात काही कोरलेलं असतं, ते बहुतेकांनी पहिल्यांदाच वाचलं: ०.१ मिलीमीटर. म्हणजे काय? कव्हरस्लिप आणि काच यांच्यामधली पोकळी. कोपऱ्यातला मोठा चौकोन एक मिलीमीटर बाय एक मिलीमीटर, खोली ०.१. म्हणजे त्यात मावणारं पाणी ०.१ घन मिलीमीटर. एका मिलीलिटरमध्ये घन मिलीमीटर किती? इथे घोडं अडलं. शंभर, दहा, हजार अशी बोली लागली. मामांना राहवेना, त्यांनी कपाटातून एक सेंटिमीटरचा लाकडी ठोकळा आणून टेबलावर ठेवला आणि शेजारी पट्टी टेकवली. दहा, दहा, दहा. हजार. हजाराला ०.१ ने भागा. दहा हजार.

एका मुलीने जर्नलमधल्या त्या ओळीखाली पेन्सिलीने लिहिलं, ‘एका मिलीत असे १०,००० चौकोन बसतात.’ पुढे तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं आणि तिने काच उचलून दाखवली.

मग मोजणी. एका चौकोनात पंचवीस पेशी आल्या, शेजारच्याने मोजल्या तर एकतीस. भांडण. कोण चुकलं? कुणीच नाही. पेशी पाण्यात स्वैर पसरल्या असतील तर मोजलेल्या संख्येत तिच्या वर्गमुळाएवढं इकडेतिकडे होणारच. पंचविसाला पाच, म्हणजे वीस टक्के. शंभर मोजल्या तर दहा, म्हणजे दहा टक्के. चारशे मोजल्या तर वीस, म्हणजे पाच टक्के. मेहनत चौपट केली की चूक निम्मी होते, त्याहून स्वस्तात काही मिळत नाही. हे त्यांना आवडलं नाही, पण पटलं. ‘किती मोजायच्या, मॅम?’ या नेहमीच्या प्रश्नाला मी आता उलट विचारते, ‘किती खात्री हवी आहे?’

या स्वैरपणाची दुसरी बाजू मला चिखलात दाखवायची होती. ठाण्याची खाडी दाराशी असताना खारफुटी पुस्तकातल्या फोटोवरून शिकवणं हा करंटेपणाच. त्यातही हे क्षेत्र साधंसुधं नाही. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये ते रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलं. चिखलात मुलांची झुंड उतरवणं शक्य नव्हतं आणि योग्यही नव्हतं. ऐरोलीला वन विभागाच्या कांदळवन कक्षाचं जैवविविधता केंद्र आहे, तिथे खारफुटीतून जाणारा लाकडी मार्ग आहे. रीतसर विचारून तिथे जायचं, मार्गावरूनच खालच्या चिखलाचे सरळ वरून फोटो काढायचे, फोटोत मोजपट्टी दिसेल असं पाहायचं आणि मोजणी वर्गात करायची, असा बेत ठरला.

वेळ कोणती? ओहोटी हवी. मी मोबाइलवर भरतीचं कोष्टक शोधत होते, तेवढ्यात चेंदणी कोळीवाड्यातला एक मुलगा म्हणाला, ‘मॅम, त्या दिवशी तिथी कुठली?’ अष्टमी होती. ‘मग आठची पाऊणपट, सहा. सहाला भरती, म्हणजे बाराला ओहोटी. खाडीत आत थोडी उशिरा.’ कोष्टकाशी ताडून पाहिलं, फारसा फरक नव्हता. हा मुलगा दहावीनंतर गणिताला रामराम ठोकून आलेला. तिथीची पाऊणपट हा हिशेब कोकण किनाऱ्यावर घरोघरी माहीत आहे, पण त्याला ते ‘मॅथ्स’ वाटत नव्हतं, आजोबांची गोष्ट वाटत होती. गणिताच्या सरांना मी हे सांगितलं तर ते थेट त्या मुलाला गाठून विचारायला लागले, पाऊणच का? चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा डोक्यावर येतो, भरतीही तेवढीच मागे सरकते आणि पन्नास मिनिटं म्हणजे ढोबळ पाऊण तास. दोघांनी मिळून ते फळ्यावर मांडलं. पंधरा तिथींना पाऊणपटीने सव्वाअकरा तास होतात, हवेत बारा. तेवढी कसर नियमात राहतेच, हेही त्यातून निघालं.

ऐरोलीला ऊन मी म्हणत होतं. तिवराच्या झाडांखाली चिखलातून पेन्सिलीएवढी श्वसनमुळं शेकड्यांनी वर आलेली असतात. जमिनीखाली प्राणवायू नाही म्हणून ही मुळं नाक वर काढतात, हे सगळ्यांना पाठ होतं. पण वरून पाहताना एका मुलीच्या लक्षात आलं की ती कशीही उगवलेली नाहीत, ओळीने आलेली आहेत. खोडापासून निघालेल्या रेघांवर. खाली चिखलात आडवी पसरलेली मूळ-दोरी असते आणि तिच्यावर ही उभी मुळं येतात, हे पुस्तकात एका वाक्यात असतं. इथे ते न खणता दिसत होतं.

वर्गात आल्यावर मी फळ्यावर दोन ओळी लिहिल्या, दोन्ही मुलांच्याच मोजणीतून मुद्दाम निवडलेल्या. हीमोसायटोमीटरच्या लहान चौकटींतल्या यीस्टच्या पेशी: ४, ६, ५, ३, ७, ५, २, ८. चिखलाच्या फोटोतल्या चौकटींमधली मुळं: ०, २, १४, ९, १, ११, ३, ०. दोन्हींची बेरीज चाळीस, दोन्हींची सरासरी पाच. ‘जुन्या युनिटप्रमाणे या दोन गोष्टी सारख्याच आहेत. उत्तराखाली दोन रेघा मारा आणि घरी जा.’

कुणी गेलं नाही. ‘मॅम, सारख्या कशा? ही तर उड्या मारतेय.’ मग उड्या मोजायच्या कशा? प्रत्येक आकडा सरासरीपासून किती दूर, त्याचा वर्ग, बेरीज, भागिले सात. यीस्टचा व्हेरिअन्स आला ४, मुळांचा ३०. वस्तू स्वैर विखुरलेल्या असतील तर व्हेरिअन्स सरासरीच्या आसपास राहतो. यीस्टचा राहिला. मुळांचा सरासरीच्या सहापट. म्हणजे मुळं स्वैर नाहीत, त्यांना कुणीतरी ओळीत बांधलंय. जी गोष्ट त्या मुलीने लाकडी मार्गावरून डोळ्यांनी पाहिली, तीच या आकड्यात होती. व्हेरिअन्स हा शब्द त्यांनी शेवटच्या युनिटमध्ये वाचला असता तर दोन मार्कांची व्याख्या म्हणून वाचला असता.

साथीचं गणित मी अभ्यासक्रमात थोडं ओढूनताणून बसवलं, हे कबूल. पण मुंबईच्या इतक्या जवळ राहून ते टाळणं मला जमलं नाही. साथींचं जे समीकरण जगभर शिकवलं जातं, ते करमॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ मध्ये मांडलं आणि ते पडताळायला आकडे घेतले ते मुंबई बेटावरच्या प्लेगचे, डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ मधल्या आठवड्यागणिक मृत्यूंचे. मॅकेंड्रिक इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये इथे काम करून गेलेले डॉक्टर. करमॅक रसायनशास्त्रज्ञ, प्रयोगशाळेतल्या अपघातात त्यांची दृष्टी गेलेली. त्यांची वक्ररेषा सतराव्या आठवड्याला, म्हणजे एप्रिलच्या मध्याला, आठवड्याला ८९० मृत्यूंचं टोक गाठते आणि तितक्याच डौलात खाली येते. दहावा आठवडा आणि चोविसावा आठवडा, दोन्हीकडे साधारण १९०.

ज्या मुलांनी शाळेत असताना करोनाचे आलेख टीव्हीवर रोज पाहिले, त्यांना ‘टोक’ समजावून सांगावं लागत नाही. निरोगी, आजारी, बरे झालेले असे तीन स्तंभ शीटमध्ये बनले आणि काही मिनिटांत वर्गातल्या प्रत्येक फोनवर एकेक साथ येऊन गेली. पण खरा प्रश्न मुंब्र्याहून येणाऱ्या एका मुलाने विचारला. ‘मॅम, प्लेग उंदरांच्या पिसवांनी होतो ना? मग यात उंदीर कुठेयत?’

नाहीत. पिसवांचा दुवा फ्रेंच डॉक्टर सिमाँ यांनी १८९८ मध्येच मांडला होता, तरी या समीकरणात माणूस माणसालाच लागण करतो. मुंबईत प्लेग दरवर्षी ठरावीक ऋतूत चढायचा आणि उन्हाळा तापला की उतरायचा, तेही यात नाही. तरीसुद्धा रेघ ठिपक्यांवर सुरेख बसते. सर म्हणाले, ‘फिट चांगला आहे म्हणून मॉडेल खरं, असं नसतं.’ मी म्हटलं, हे वाक्य फळ्यावर लिहा आणि आठवडाभर पुसू नका. गणित जीवशास्त्रात आणायचं म्हणजे जीवशास्त्राने माना डोलवायच्या, असं काही मुलांना वाटायला लागलं होतं. त्या उंदरांनी ते बरोबर मोडलं.

आनुवंशिकीत मात्र आम्ही भराभर पुढे गेलो. हार्डी-वाइनबर्गचा नियम, म्हणजे जनुकाच्या वारंवारतेवरून आजारी आणि वाहक किती ते काढायचा हिशेब, १९०८ चा. आनुवंशिकीतल्या पनेटने क्रिकेटच्या ओळखीतल्या हार्डींना गाठून प्रश्न विचारला आणि त्या शुद्ध गणितज्ञाने, हे पाढ्यांच्या तोडीचं गणित आहे अशा सुरात, विज्ञानाच्या नियतकालिकाला छोटंसं पत्र लिहिलं. वर्गात एकच उदाहरण केलं. समजा सिकलसेलसारखा अप्रभावी आजार चारशेत एकाला आहे. मग वाहक, म्हणजे स्वतः आजारी नसून ते जनुक बाळगणारे, किती? ‘चारशेत दोन-तीन’ असे अंदाज आले. गणित केलं: जनुकाची वारंवारता वीसात एक, वाहक साडेनऊ टक्के. चारशेत अडतीस. शहापूरच्या एका मुलीने सांगितलं की त्यांच्याकडे तपासणीचं शिबिर झालं होतं आणि तिथे ‘आजारी नसलेल्यांची रक्तं कशाला घेताय’ म्हणून लोक चिडले होते. तिने ते गणित घरी दाखवायला फोटो काढून नेलं.

आणि कोसंबी. इतिहासकार म्हणून दामोदर धर्मानंद कोसंबी मराठी वाचकाला माहीत आहेत. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत असताना, १९४४ मध्ये, त्यांनी जनुकांमधलं अंतर काढायचं एक सूत्र प्रसिद्ध केलं आणि ते आजही नकाशे काढणाऱ्या संगणक-प्रणालींत ‘कोसंबी’ नावानेच निवडता येतं, हे आमच्या जीवशास्त्र विभागात कुणाच्या गावी नव्हतं. दोन जनुकांत वीस टक्के पुनःसंयोजन (गुणसूत्रांच्या देवाणघेवाणीने जनुकांची जोडी बदलणं) दिसलं तर हॉल्डेनच्या आधीच्या सूत्राने अंतर साडेपंचवीस एकक येतं, कोसंबींच्या सूत्राने एकवीसच्या थोडं वर. फरक का? एका ठिकाणी देवाणघेवाण झाली की शेजारी लगेच दुसरी होणं अवघड असतं, हे कोसंबींनी हिशेबात धरलं म्हणून. हे पहिल्या वर्षाला जड गेलं. तरी पुढच्या वर्षीही मी ते घेणार आहे, अर्धा तास का होईना.

सगळ्यांना सगळं आलं असं अजिबात नाही. काहींचं अपूर्णांकांशीच वैर आहे; एक भागिले वीसचा वर्ग एक भागिले चाळीस लिहिणारे शेवटपर्यंत तेच लिहीत राहिले. ते दुरुस्त करायला मला प्रॅक्टिकलच्या तीन तासांत वेळ मिळाला नाही. काही जण फोनला विचारून सुबक उत्तर आणत, आणि एककं विचारली की गडबडत. एककं विचारणं हा माझा सगळ्यात उपयोगी सवाल ठरला. ‘अडतीस काय? माणसं, टक्के, की पेशी?’

परीक्षेचा मामला त्रासाचा होता. मी एका प्रश्नात हीमोसायटोमीटरचा खोटा अहवाल दिला, त्यात एका मिलीत पाचच पेशी निघाल्याचं लिहिलं होतं आणि ‘यात काय बिनसलंय?’ एवढंच विचारलं होतं. प्रश्नपत्रिका तपासणाऱ्यांनी तो ‘अभ्यासक्रमाबाहेरचा’ म्हणून काटला. मी तोच प्रश्न ‘खालील निरीक्षणावरून पेशींची संख्या काढा व निष्कर्षावर टीप लिहा’ अशा भाषेत परत पाठवला आणि तो बिनबोभाट पास झाला.

दुसऱ्या सत्रात सरांनी त्यांच्या वर्गातली गणिताची काही मुलं आमच्या लॅबला पाठवली, उलटा प्रयोग म्हणून. व्हेरिअन्स ती चुटकीसरशी काढत होती. पण मायक्रोस्कोपला डोळा लावल्यावर पहिलाच प्रश्न आला, ‘मॅडम, हिला कोंब फुटलाय. ही एक पेशी धरायची की दोन?’ आमच्या मुलांकडे याचं उत्तर होतं असं मला वाटलं होतं. निघालं असं की प्रत्येक टेबलावर वेगळं होतं. कुणी कोंब धरत नव्हतं, कुणी प्रत्येक कोंब धरत होतं, आणि त्यामुळेच दोन टेबलांचे आकडे कधी जुळत नव्हते. अर्धा तास वाद झाला. पीसीबीवाल्यांनी म्हटलं, कोंब आईच्या निम्म्याहून मोठा असेल तरच वेगळी पेशी. गणितवाल्यांनी विचारलं, निम्मा म्हणजे लांबीने की आकारमानाने? कारण लांबीने निम्मा कोंब आकारमानाने आठवा भागच असतो. मामांनी पंखा वाढवला. शेवटी ‘लांबीने’ असं ठरलं, फळ्यावर लिहिलं, आणि सगळ्यांनी चौकोन पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतले.